डाव्या पायाची रेघ

काकांचं ते एक भाकीत बरोबर आलं असतं, तर आज काका चाकांच्या खुर्चीत बसलेले असते. यात तिखटमीठ लावलेलं काही नाही, डॉक्टरांनी तसं कागदावर लिहून दिलेलं आहे. त्यामुळे त्या चुकलेल्या भाकिताचा विषय निघाला की चारचौघं जशी ओशाळतात तसे काका ओशाळत नाहीत. उलट खुर्ची पुढे ओढून म्हणतात, "बसा, सगळं सांगतो." आणि खरंच सगळं सांगतात. ज्याला घाई असेल त्याने विषय काढू नये.

काका टेनिसच्या क्लबात लाल मातीची कोर्टं सांभाळतात. एकूण सात. लाल माती म्हणजे शेतातली नव्हे, भाजलेल्या विटांचा चाळून घेतलेला चुरा. पाणी कमी पडलं तर ती डोळ्यांत जाते, जास्त झालं तर बुटाला चिकटते, आणि एक दिवस लक्ष दिलं नाही तर पुढचे चार दिवस रुसून बसते. इतकी मानी वस्तू जगात आणखी एकच आहे आणि ती आमच्या घरी शिवणयंत्रावर बसलेली असते, असं काका म्हणतात. अर्थात काकू जवळपास नसताना.

वर्षातून एकदा क्लबात मोठी स्पर्धा भरते. पेपरात ज्यांचे फोटो येतात ते खेळाडू आठ दिवस काकांच्या मातीवर पळतात. त्या आठ दिवसांत अवजारांच्या खोलीत चहा आला की एकच प्रश्न असायचा, "काका, आज कोण?" काका बशीत फुंकर मारून एक नाव सांगायचे आणि किती सेटमध्ये तेही सांगायचे. दहातली नऊ वेळा तसंच व्हायचं. म्हणून क्लबात त्यांचं नाव पडलं 'वेधशाळा'. खऱ्या वेधशाळेने पाऊस सांगितला की माणसं छत्री घरी ठेवतात. या वेधशाळेवर मात्र सगळ्यांचा विश्वास होता.

गंमत म्हणजे काका सामना बघायचेच नाहीत. सकाळचा सराव संपला की ते कोर्टाच्या कडेकडेने एक फेरी मारायचे आणि माती वाचायचे. या मातीवर खेळाडू पळता पळता घसरतो, मुद्दामच घसरतो, नाहीतर त्याला थांबताच येणार नाही. ज्याचं घसरणं चेंडू मारायच्या आत संपतं त्याचा ठसा शेवटाला खोल असतो. मारून झाल्यावरही जो घसरत राहतो, त्याला चेंडू जरा उशिरा सापडतोय. दमलेल्याचं घसरणं मध्येच तुटतं, एकाचे दोन तुकडे होतात. आणि ज्याच्या मनात भीती बसली आहे त्याचे चेंडू नेटजवळच्या चौकोनात पडतात. तिथे देवीच्या व्रणांसारखे खळगेच खळगे दिसतात. हे सगळं पाच मिनिटांत वाचायचं, कारण मागून जाळीवाली यायची. जाळीवाली म्हणजे काकांच्या हाताखालची मुलगी. कमरेला दोरी बांधून ती भलीमोठी जाळी कोर्टावरून ओढत नेई आणि काकांची पोथी पुसून टाकी.

काकांचा नियम एकच होता. खेळाडूला सांगायचं नाही. "आपण चालतोय कसे याचा विचार करायला लागलं की माणूस पायरी चुकतो," असं ते म्हणायचे. एकोणीस वर्षांत त्यांनी हा नियम मोडला नव्हता. मोडला तो डावखुऱ्यासाठी.

डावखुरा पहिल्यांदा आला तेव्हा विशीतला होता. पहिल्याच फेरीत सडकून हरला आणि तोंड लपवायला जागा शोधत अवजारांच्या खोलीत शिरला. काकांनी काही विचारलं नाही. पिंपातलं गार पाणी दिलं, एक उलटी बादली सरकवून दिली आणि आपलं ब्रश धुण्याचं काम चालू ठेवलं. तासाभराने तो म्हणाला, "काका, मी ब्रश धुऊ का?" आणि खरंच धुतले त्याने. तेव्हापासून दरवर्षी आला की आधी अवजारांच्या खोलीत डोकावायचा, मग कपडे बदलायला जायचा. दोघांच्या पायाचं माप एकच निघालं. स्पर्धा संपली की तो वापरलेला एक जोड काकांसाठी ठेवून जायचा. त्यामुळे काकांच्या पायात बारा महिने नामांकित खेळाडूचे बूट असायचे, आणि हे सांगितल्यावाचून त्यांना राहवायचं नाही.

मग डावखुऱ्याचा डावा गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली, चौदा महिने तो खेळला नाही. पेपरवाल्यांनी त्याला संपवून टाकलं. त्या वर्षी तो परत आला तेव्हा तेहतीस वर्षांचा होता. त्याच्या बुटांच्या टाचेला कंपनीने मुद्दाम दोन आडव्या खाचा पाडून दिल्या होत्या, गुडघ्याला धक्का कमी बसावा म्हणून. आल्या आल्या त्याने तसलाच एक जोड काकांना दिला. "या वर्षी आधीच घ्या. पहिल्या दिवशीच हरलो तर गडबडीत राहून जाईल," असं म्हणून हसला.

पण गडी हरला नाही. एक फेरी, दुसरी, तिसरी करत उपांत्य फेरीत पोचला. दर सकाळी काका त्याच्या सरावाची माती वाचायचे आणि खोलीत येऊन मोठ्याने त्याचं नाव सांगायचे. पुढे गाठ होती एका उंच खेळाडूशी. एकवीस वर्षांचा, आणि सर्व्हिस अशी की मागच्या पडद्याला भोकं पडतील.

उपांत्य सामन्याच्या आदल्या दिवशी पाणीवाला बहिणीच्या लग्नासाठी रजेवर होता. म्हणून चार नंबरच्या कोर्टाला काकांनी पहाटे स्वतःच पाइप धरून पाणी मारलं, रेषेच्या मागे इकडून तिकडे फेऱ्या मारत. नंतर डावखुरा आला, एका बाजूने वीस मिनिटं नुसत्या सर्व्हिस मारून गेला. काका माती वाचायला गेले आणि जागच्या जागी उभे राहिले.

रेषेच्या मागे चालण्याचे ठसे होते. टाचेला दोन आडव्या खाचा, म्हणजे त्याचेच. उजवं पाऊल स्वच्छ. डाव्या पावलाचा चवडा मात्र दर वेळी उचलताना घासत होता. प्रत्येक डाव्या पावलामागे एक बारीक रेघ, कुणी काडीने ओढल्यासारखी. एक नव्हे, दोन नव्हे, चाळीस डावी पावलं आणि चाळीस रेघा.

त्या दिवशी चहाच्या वेळी काकांनी सांगितलं, "उंच जिंकणार. सरळ दोन सेटमध्ये." जाळीवालीने त्यांच्याकडे पाहिलं, कारण चहा बशीत तसाच राहिला होता. मग काका उठले आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा खेळाडूंच्या खोल्यांकडे निघाले.

डावखुरा बाकावर बसून रॅकेटच्या मुठीला पट्टी गुंडाळत होता. "काका, तुम्ही? इकडे?"

"तुझा डावा पाय ओढतोय."

"माझा? काही दुखत नाहीये हो."

"पायाला आधी कळतं, आपल्याला मागून. मी डोळ्यांनी बघून आलोय. उद्या खेळू नकोस बाळा. गुडघा परत गेला तर जन्माचं होऊन बसेल."

डावखुऱ्याने मुठीची पट्टी तशीच सोडली. त्याने डाव्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि अनोळखी माणसाकडे बघावं तसा तो गुडघ्याकडे बघत राहिला. काकांना तेव्हाच कळलं की आपण नको ते केलं. पण धनुष्यातून सुटलेला बाण आणि तोंडातून गेलेला शब्द कुणाला परत घेता आलाय?

घरी काकू यंत्रावर बसल्या होत्या. आयुष्यभर लोकांच्या कपड्यांना लांबी-रुंदी देऊन त्यांची नजर इतकी पक्की झाली होती, की टेप लावायच्या आधी त्या माप सांगायच्या. त्यांच्या मांडीवर काकांचीच विजार होती. "परत डाव्या पायाची शिवण फाटली. मागच्या महिन्यात अर्धा इंच वर घेतली होती, परत तेच. पाय उचलून चाला की हो. रस्ते झाडायला पालिकेची माणसं आहेत!"

"हो," काका म्हणाले. लक्ष नव्हतंच. त्यांनी डावखुऱ्याची हकिगत सांगितली.

"आणि तुम्हाला कुणी विचारलं होतं?" काकूंनी दात लावून दोरा तोडला. "काळजी करावी, ती पोटात ठेवून करावी. त्या पोराच्या डोक्यात कशाला घालून आलात?"

 काकूंनी विजारीचा डावा पाय आणखी अर्धा इंच वर घेतला.

दुसऱ्या दिवशी सामना सुरू झाला तेव्हा काका अवजारांच्या खोलीत कर्ण्यावरून अंपायरचा आवाज ऐकत बसले. पहिला सेट उंच खेळाडूने सहा-एक असा खिशात घातला. सेट संपल्यावर जाळी फिरवून जाळीवाली परत आली. म्हणाली, "काका, अगदी तुम्ही म्हणालात तसंच चाललंय."

"गप्प बस."

"अहो, पण तो चेंडू कुठे बघतोय? दर चेंडूनंतर गुडघ्याकडे बघतोय."

काकांनी हातात ब्रश उचलला. पाय जात होता म्हणून तो हरत होता की आपण सांगितलं म्हणून? आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपलं भाकीत चुकावं म्हणून हात जोडले. कुणाला जोडले ते त्यांनाही सांगता यायचं नाही. समोर फक्त रोलर होता.

दुसऱ्या सेटमध्ये कधीतरी डावखुरा गुडघ्याकडे बघायचा थांबला. नंतर त्यानेच सांगितलं. नेटजवळचा एक आखूड चेंडू घ्यायला तो जीव तोडून पळाला, पाच हात घसरला, डाव्या पायावर सगळा भार घेऊन थांबला आणि गुडघ्याने हूं की चूं केलं नाही. तेव्हा तो मनात म्हणाला, काकांचा चष्मा बदलायला झाला. तो सेट त्याने सात-पाच घेतला आणि तिसरा सहा-दोन. टाळ्यांचा आवाज आला तेव्हा काका हातातला ब्रश छातीशी धरून लहान मुलासारखे रडत होते. जाळीवालीने दार लोटून घेतलं. वेधशाळेला पाऊस लागला हे बाहेर कशाला कळायला हवं?

संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, डावखुरा अंघोळ करून थेट खोलीत आला. काका उठून उभे राहिले.

"काका, मी रागावलो नाहीये. पण मला दाखवा. तुम्ही उगाच बोलणारे नाही. काहीतरी पाहिल्याशिवाय तुम्ही त्या खोल्यांपर्यंत आला नसता."

तिघं चार नंबरवर गेले. जाळीवालीने नुकतंच कोर्ट झाडून पाणी मारून ठेवलं होतं. लाल आणि सपाट, एक ओरखडा नाही. काका रेषेच्या मागे पाऊल टाकणार, तेवढ्यात ती ओरडली, "अहो काका! आत्ताच झाडलंय!"

"परत झाड," काका म्हणाले आणि चालायला लागले. "हे बघ. इथून इथपर्यंत. पाऊल असं पडलेलं, टाचेला तुझ्या त्या खाचा. आणि डावा चवडा असा..." ते हातवारे करत पुढे जात होते. मागे पावलं वाजेनात म्हणून थांबले.

डावखुरा दहा पावलं मागेच खाली वाकून उभा होता. जाळीवाली तोंडावर हात धरून त्याच्या शेजारी.

"काका," तो अगदी हळू म्हणाला, "जरा मागे वळून बघा."

काकांनी वळून पाहिलं. स्वच्छ मातीवर दहा पावलं उमटली होती. टाचेला दोन आडव्या खाचा. आणि प्रत्येक डाव्या पावलामागे एक बारीक रेघ.

आता कुणी विचारेल, जन्मभर लोकांची पावलं वाचणाऱ्या माणसाला स्वतःचं पाऊल ओळखू येऊ नये? पण इथेच तर मेख आहे. आधीची कितीतरी वर्षं काका कोर्टावर चालले ते कमरेला जाळी बांधून. जाळी मागून येते आणि ओढणाऱ्याचं पाऊल जागच्या जागी पुसून टाकते. पुढे साहेब झाल्यावर ते कडेच्या फरशीवरून चालायचे. आपलं पाऊल मातीवर कसं दिसतं हे काकांनी कधी पाहिलंच नव्हतं, म्हणून त्या पहाटे पाणी मारताना उमटलेली पावलं आपलीच हे त्यांना सुचलंच नाही.

"बुटामुळे असेल. जुना झालाय," काका म्हणाले.

"आठ दिवसांपूर्वी दिलाय मी." डावखुऱ्याने त्यांना जवळच्या बाकाशी नेलं. गुडघ्यापायी त्याने इतके दवाखाने पाहिले होते की अर्धा डॉक्टर तोच झाला होता. "टाचांवर उभे राहा. दोन्ही चवडे वर उचला. माझा हात धरा."

उजवा चवडा उचलला गेला. डावा काकांनी मनात उचलला. मातीवर तो तसाच पडून राहिला.

"दुखतंय कुठे?"

"कुठेच नाही," काका म्हणाले, आणि कालच आपण याला काय सांगितलं ते त्यांना आठवलं.

त्याच संध्याकाळी स्पर्धेच्या डॉक्टरबाईंनी त्यांना तपासलं. गुडघ्यावर, घोट्यावर छोटी हातोडी मारली, पायाच्या तळव्यावरून किल्ली ओढून पाहिली आणि दुसऱ्या दिवशीची तपासणी ठरवून टाकली. उपांत्य आणि अंतिम सामन्यांच्या मध्ये एक दिवस मोकळा असतो. खेळाडूने त्या दिवशी पाय वर करून पडून राहायचं असतं. डावखुरा काकांना गाडीत घालून इस्पितळात घेऊन गेला. रांग मोठी होती, तपासणीचं यंत्र मध्येच बंद पडलं, आणि तो साडेचार तास बोळातल्या लाकडी बाकावर काकांच्या शेजारी बसून राहिला. काकांनी तीनदा सांगितलं, "जा रे बाबा, उद्या फायनल आहे." तो म्हणाला, "मला पहिल्या वर्षी तुम्ही जा म्हणाला होतात का?"

पाठीच्या मणक्यांच्या आत एक गाठ निघाली. साधीच, वाईट जातीची नव्हे, पण मज्जारज्जूला दाबून बसलेली. डॉक्टर म्हणाले, "काढली की झालं. पण वेळेत आलात. आणखी दोन-तीन महिने असेच गेले असते, तर दोन्ही पाय गेले असते, आणि मग आम्ही काढूनही ते परत आले नसते." शस्त्रक्रिया सोमवारी ठरली. तोवर काही ओढायचं नाही, काही उचलायचं नाही.

काकूंनी हे ऐकलं तेव्हा त्यांनी शिवणयंत्राचं चाक हाताने थांबवलं. मग म्हणाल्या, "विजार वर घेत होते हो मी. दोन महिने नुसती विजार वर घेत होते." आणि पदर तोंडाला लावला. काकांनी त्यांच्या पाठीवर हात फिरवला. "अगं, मी तर दुसऱ्याच्याच पायावर ढकलून मोकळा झालो होतो. दोघांच्याही दिव्याखाली अंधारच. दोष वाटून घेऊ."

रविवारी काकू आयुष्यात पहिल्यांदा क्लबात आल्या. म्हणाल्या, त्या पोराला एकदा डोळे भरून बघायचं आहे. डॉक्टरांनी काकांना ओढायला बंदी केली होती, बघायला नव्हती. काकांनी सकाळीच सरावाचं कोर्ट वाचलं होतं. मग दोघं चढून बसायला नको म्हणून खालच्याच रांगेत, कठड्याशी बसले.

"काय म्हणते वेधशाळा?" काकूंनी विचारलं.

"हरणार."

"नक्की?"

"घसरणं तुटतंय त्याचं. पाय जड झालेत." काकांनी बोटाने माती दाखवली. "काल पडून राहायला हवं होतं त्याने. साडेचार तास माझ्याबरोबर त्या बाकड्यावर... अगं, त्याला ठाऊक नव्हतं का? सगळं ठाऊक होतं. तरी बसला."

सामना सुरू झाला. लाल मातीवर डावखुरा पळत होता, पोचत होता, पण अर्ध्या पावलाने मागे पडत होता. पहिला सेट गेला. दुसराही निसटायला लागला. आजूबाजूचे लोक दुसऱ्याच्या नावाने ओरडत होते.

"मग जिंकल्यावर त्या दुसऱ्याला सगळेच टाळ्या देतील," काकू म्हणाल्या. "आपण याला आत्ताच देऊ." आणि त्या उभ्या राहून टाळ्या वाजवायला लागल्या. डावखुऱ्याचा चेंडू नेटमध्ये अडकला होता. शेजारचा एक गृहस्थ वळून म्हणाला, "अहो बाई, त्याचा पॉइंट गेला."

"माहीत आहे मला," काकू म्हणाल्या आणि आणखी जोरात वाजवायला लागल्या.

काकांनाही उभं राहायचं होतं. डावा पाय साथ देईना. कठडा धरून ते उठले आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की कठडा सोडला तर आपण पडू आणि सोडला नाही तर टाळी वाजवायला एकच हात उरतो. काकूंनी ते पाहिलं. त्यांनी आपल्या टाळ्या थांबवल्या आणि एक तळहात काकांपुढे धरला. काकांनी त्यावर आपला हात मारला. मग परत मारला. डावखुऱ्याने वर पाहिलं आणि रॅकेट उंचावून तो पुन्हा रेषेवर गेला. तो हरला तेव्हाही ते दोघं उभेच होते, आणि बाकी सगळ्यांच्या टाळ्या संपल्यावरही त्यांची चालू होती.